दर्यावरचे बोलणे, किनाऱ्यावरचा कान

स्कॅनर हा रेडिओचाच एक प्रकार असला, तरी घरोघरी असणाऱ्या रेडिओशी त्याचे नाते लांबचे आहे. घरातला रेडिओ एका केंद्रावर लावला की तेथेच स्थिर राहतो. स्कॅनर मात्र नेमून दिलेल्या शेकडो वारंवारतांवरून, म्हणजे रेडिओलहरींच्या दर सेकंदाच्या कंपनसंख्यांवरून, एकामागून एक फिरत राहतो, जेथे कोणी बोलत असेल तेथे थबकतो आणि बोलणे संपले की पुढे सरकतो. रिकाम्या वारंवारतेवरची सततची खरखर कानावर आदळू नये म्हणून त्यात 'स्क्वेल्च' नावाची सोय असते. ठरावीक ताकदीपेक्षा क्षीण संकेत आला तर ती आवाजाचे दार बंदच ठेवते, त्यामुळे स्कॅनर ऐकणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळ शांतता येते आणि मधूनच एखादे तुटक वाक्य येते. हे यंत्र फक्त ऐकते. बोलण्याची, म्हणजे प्रक्षेपणाची, क्षमता त्यात नसते. एके काळी ते महाग आणि दुर्मीळ होते, पण २०१२ च्या सुमारास, संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेल्या अंगठ्याएवढ्या यूएसबी उपकरणांतून सुमारे २४ ते १,७०० मेगाहर्ट्झपर्यंतचे जवळजवळ सारे काही ऐकता येते, हे हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि जे काम पूर्वी पेटीभर सामग्री करी ते संगणकातील आज्ञावली करू लागली. तेव्हापासून ऐकणे स्वस्त झाले आणि ऐकण्याविषयीचा वाद मात्र जुनाच राहिला.

हा वाद शहरापेक्षा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अधिक टोकदार होतो. शहरातील बहुतेक बोलणे आता मोबाइलच्या जाळ्यातून कूटबद्ध होऊन जाते, म्हणजे किल्ली नसलेल्याला त्यातून अर्थ लागत नाही. समुद्रावरचे बोलणे मात्र अजूनही उघड आवाजात, साऱ्यांना ऐकू जाईल असे होते, कारण तेथे ऐकणाऱ्यावरच बोलणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. या उघडेपणाचा अर्थ काय लावायचा, याविषयी दोन प्रामाणिक माणसांची दोन मते असू शकतात. पुढील संवादासाठी अशी दोन प्रातिनिधिक माणसे कल्पिली आहेत. एक आहे मालवणातील निवृत्त विज्ञानशिक्षक, ज्याच्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे शासनाची परीक्षा देऊन मिळणाऱ्या 'हॅम' केंद्राचा, रीतसर परवाना आहे आणि ज्याच्या गच्चीवर अँटेना उभी आहे. दुसरा आहे सर्जेकोट बंदरात नौका लावणारा तांडेल, म्हणजे नौकेचा मुख्य नाखवा. शास्त्रचर्चेत ज्याला पूर्वपक्ष म्हणतात, म्हणजे आधी मांडायचा आक्षेप, तो येथे तांडेलाचा आहे; पोलिसाच्या किंवा अधिकाऱ्याच्या तोंडी तो घातला असता तर वाद केवळ कायद्याचा झाला असता, आणि हा वाद कायद्याहून खोल आहे.

तांडेलाचा पहिला आक्षेप पोटाचा आहे. तो म्हणतो, "मास्तर, नौकेवरचा वायरलेस ही आमची चावडी आहे. सोळा नंबरवर हाक मारायची, समोरचा सापडला की दोघांनी ठरवलेल्या दुसऱ्या नंबरवर जायचे आणि तेथे कामाचे बोलायचे. बांगड्याचा थवा किती वाव पाण्यात आहे, जाळे कोठे टाकले, किती भरले, आज बंदरात भाव काय निघेल, हे सारे तेथे बोलले जाते. ज्या खबरीसाठी रात्र जागवली आणि डिझेल जाळले, ती खबर गच्चीवर खुर्ची टाकून बसलेल्याने फुकट ऐकावी, हे पटत नाही." यातील 'वाव' हे दोन्ही हात पसरून मोजलेले खोलीचे जुने माप आहे, आणि नंबर म्हणजे सागरी व्हीएचएफ पट्ट्यातील वाहिनी, हा पट्टा १५६ मेगाहर्ट्झपासून पुढे असून त्यातील सोळावी वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटाच्या हाकेसाठी आणि पहिल्या पुकाऱ्यासाठी राखलेली आहे.

हा आक्षेप हलका मानण्याजोगा नाही. सिंधुदुर्गाच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर माशाची खबर हा केवळ व्यापारातील डाव नसून दोन तऱ्हांच्या मासेमारीतील संघर्षाचा भाग आहे. एकीकडे रापण, म्हणजे होडीने अर्धवर्तुळात टाकून किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढले जाणारे सामुदायिक जाळे, आणि गिलनेटसारखी पारंपरिक साधने आहेत. दुसरीकडे अख्खा थवा वेढून घेणारे पर्ससीन जाळे आणि परप्रांतांतून येणारे वेगवान ट्रॉलर आहेत. पर्ससीनवर महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने निर्बंध घातले, दिव्यांच्या झोतात मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरीही तंटा मिटला नाही. अशा पाण्यात थव्याची जागा चुकीच्या कानी पडणे म्हणजे एखाद्या रापणसंघाचा महिनाभराचा घास जाणे, हे तांडेलाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

शिक्षकाचे उत्तर आक्षेप नाकारण्यापासून सुरू होत नाही, तर ऐकण्याचा खरा पसारा दाखवण्यापासून होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे लोकांची समजूत अशी असते की स्कॅनरवाला इतरांच्या गोष्टी चोरून ऐकतो. प्रत्यक्षात त्याच्या वहीत माणसांच्या बोलण्याहून यंत्रांचे, आकाशाचे आणि हवेचे बोलणे कितीतरी अधिक असते. विमानांचाच विचार केला तर ती ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उघड बोलतात. रेडिओलहरी या पट्ट्यात साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात, आणि ही रेषा किती लांब पोहोचते याचा अंदाज करण्याचे साधे गणित आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे घेऊन त्यांच्या बेरजेला ४.१ ने गुणले की किलोमीटर मिळतात. २५ मीटर उंचीवरच्या अँटेनेला, चार मीटर उंच काठीवर अँटेना असलेली मासेमारी नौका या हिशेबाने सुमारे २९ किलोमीटरपर्यंतच ऐकू येते, पण १०,००० मीटर उंचीवरून जाणारे विमान ४०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून ऐकू येते. म्हणजे मालवणच्या गच्चीवर देवबागेपलीकडच्या होडीपेक्षा अरबी समुद्रावरून जाणारे आखाती विमान अधिक स्पष्ट असू शकते. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून गोव्यात मोपा येथूनही उड्डाणे सुरू झाली, तेव्हापासून या आकाशातली वर्दळ वाढली आहे, आणि ज्या मुलाने कधी विमानात पाऊल ठेवलेले नाही तोही वैमानिक धावपट्टी मागताना कोणत्या क्रमाने बोलतो हे शिकू शकतो.

उपग्रहांविषयी शिक्षक अधिक जिव्हाळ्याने बोलतो, आणि तेथे तांडेलही लक्ष देऊन ऐकतो. अमेरिकेचे नोआ १५, १८ आणि १९ हे हवामान-उपग्रह सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्या ध्रुवांवरून फिरत आणि १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास ढगांचे चित्र दर सेकंदाला दोन ओळी या संथ गतीने, कोणालाही घेता येईल असे, खाली पाठवीत. घरी वाकवलेल्या तारेच्या अँटेनेने पंधरा मिनिटांत खंबायतच्या आखातापासून लंकेपर्यंतचा ढगांचा पट कागदावर उतरवता येई. ही मालिका ऑगस्ट २०२५ पर्यंत बंद करण्यात आली. रशियाचे मेटिऑर उपग्रह आता त्याच पट्ट्यात अधिक बारकाव्याचे चित्र देतात. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील अंतराळवीर १४५.८ मेगाहर्ट्झवर शाळकरी मुलांशी बोलतात तेव्हा तो आवाज ऐकण्यासाठी साधा हातातला संच पुरतो. "आबा," शिक्षक तांडेलाला म्हणतो, "या साऱ्यात कोणाचे गुपित नाही. १९६६ मध्ये इंग्लंडात केटरिंग गावच्या शाळेतील एका शिक्षकाने आपल्या मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे संकेत टिपले, त्यांच्या वेळांचे गणित मांडले आणि ज्या प्लेसेत्स्क प्रक्षेपणतळाचे अस्तित्व सोव्हिएत सरकार कबूल करीत नव्हते त्याची जागा जगाला दाखवली. ऐकणे हे निरीक्षणच आहे. दुर्बिणीने तारे पाहणाऱ्याला कोणी ताऱ्यांचा चोर म्हणत नाही."

या दृष्टान्तावर तांडेल थांबत नाही, आणि लेखकाच्या मते तो थांबत नाही हेच योग्य आहे, कारण तारा स्वतःच्या पोटासाठी बोलत नसतो. तांडेल म्हणतो, "तारे आणि विमाने राहू द्या, मास्तर. २००८ साली २६ नोव्हेंबरला जे आले ते दर्यावाटे आले, कुबेर नावाची आमच्यासारख्याच मच्छीमारांची नौका पळवून आले. त्यानंतर नौकांना राज्याराज्यांचे रंग लागले, खलाशांची बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्रे झाली, सागरी पोलीस ठाणी उभी राहिली, नोंदीविना बंदरातून सुटता येईनासे झाले. जो दर्यावर जातो त्याने प्रत्येक फेरीला आपण कोण ते सांगायचे. मग जो किनाऱ्यावर बसून सारा दर्या ऐकतो, त्याने कोणालाच काही सांगायचे नाही, हा कोणता न्याय? ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या समुद्रात नौदल दिनाची जहाजे उभी होती. त्या दिवशी कोणाच्या गच्चीवर कोण काय ऐकत होते, हे कोणाला ठाऊक आहे?"

तांडेलाच्या बाजूने इतिहासही उभा करता येतो. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ पोर्तुगिजांच्या मुरगाव बंदरात, म्हणजे मालवणपासून समुद्रमार्गे सुमारे ऐंशी किलोमीटरवर, आश्रयाला असलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावर गुप्त प्रक्षेपक असून त्यावरून दोस्तराष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा पाणबुड्यांना कळवला जातो, असा ब्रिटिशांचा समज झाला होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी घोडदळातील उतारवयाच्या स्वयंसेवकांनी त्या जहाजावर चाल केली आणि ते बुडाले. दुसऱ्या बाजूचे उदाहरणही याच काळातील आहे: १९४२ च्या ऑगस्टपासून मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेले काँग्रेस रेडिओचे गुप्त केंद्र त्याच वर्षी नोव्हेंबरात पोलिसांच्या हाती लागले. दोन्ही प्रसंगांत धास्ती प्रक्षेपकाची होती. ऐकणाऱ्या संचातून कोणतीही लहर बाहेर जात नाही असे व्यवहारतः म्हणता येते, त्यामुळे तो हवेत शोधता येत नाही. आणि राज्यसंस्थेला ऐकणाऱ्याचे भय वाटते ते नेमके याच कारणाने.

हे भय भारतीय कायद्यात स्पष्ट उमटले आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही मना केले, मग ते बोलणारे असो वा ऐकणारे. साध्या रेडिओसाठीही टपाल कचेरीत वार्षिक शुल्क भरून पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागे, हे आज साठीत असलेल्या पिढीला आठवत असेल. ती सक्ती १९८० च्या दशकात संपली. हौशी रेडिओच्या १९७८ च्या नियमांत तर केवळ ऐकण्याचाही स्वतंत्र परवाना होता, ज्याला लघुलहरी श्रोत्याचा परवाना म्हणत आणि जो वयाच्या बाराव्या वर्षापासून मिळू शके. ऐकण्यासाठी परवाना ही कल्पना आज चमत्कारिक वाटेल, पण तिच्यात एक शहाणपण होते: राज्याने श्रोता नावाच्या नागरिकाचे अस्तित्व मान्य केले होते आणि त्याला जबाबदारीही दिली होती. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने जुन्या कायद्यांची जागा घेण्यास आरंभ केला. त्याचे ४२ वे कलम २६ जून २०२४ पासून लागू असून बेकायदा रीतीने संदेश मध्येच टिपणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा दिल्या, त्याही याच काळजीपोटी.

शिक्षक कायद्याशी भांडत नाही. त्याचे म्हणणे इतकेच की ज्या संस्थांना गुप्तता हवी त्यांनी ती यंत्रानेच साधली आहे. नौदलाचे आणि सुरक्षादलांचे महत्त्वाचे बोलणे कूटबद्ध असते आणि हौशी संचावर त्याची केवळ घरघर ऐकू येते. उलट हौशी कानांनी राज्याला साह्य केल्याची उदाहरणे आहेत. पश्चिम बंगालमधील हॅम मंडळींनी बांगलादेश सीमेजवळ रात्री चालणारे संशयास्पद सांकेतिक बोलणे ऐकले आणि ते अधिकाऱ्यांना कळवले, असे २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या अखेरीस घडले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमान बाहेरच्या जगापासून तुटले तेव्हा हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांच्या संचावरून निरोप मुख्य भूमीवर पोहोचू लागले. परवानाधारकाला शासन ओळखते, त्याचा पत्ता शासनाजवळ असतो. म्हणून तांडेलाने मागितलेली ओळख परवान्याच्या रूपाने दिलेलीच आहे, असे शिक्षकाला वाटते, आणि परवान्याविना संच बाळगणाऱ्या हौशी माणसाच्या बाजूने उभे राहण्यास तो नकार देतो.

येथवर दोघे दोन काठांवर आहेत. संवादाचा खरा गाभा मात्र सोळाव्या वाहिनीपाशी आहे, आणि तेथे एक विलक्षण गोष्ट दिसते: जमिनीवरच्या कायद्याला ऐकणाऱ्याचा संशय येतो, तर समुद्रावरच्या कायद्याने ऐकणे हे कर्तव्य ठरवले आहे. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडत असताना तुलनेने जवळ असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरचा एकमेव बिनतारी कर्मचारी झोपायला गेला होता. त्या अनर्थानंतर १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजांनी सतत कान देण्याचा प्रश्न प्रथम गांभीर्याने हाताळला गेला. पुढे तर जहाजांच्या बिनतारी कक्षातील घड्याळावर लाल रंगाच्या पाकळ्या रंगवलेल्या असत: दर तासाला पंधराव्या ते अठराव्या आणि पंचेचाळिसाव्या ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सर्वांनी गप्प बसायचे आणि केवळ ऐकायचे, कारण एखाद्या दूरच्या, क्षीण संचावरून कोणी मदत मागत असेल तर त्याची हाक त्या शांततेत ऐकू यावी. पृथ्वीवरील सारी जहाजे तासातून दोनदा श्वास रोखून ऐकतात, असा नियम माणसाने केला होता. १ फेब्रुवारी १९९९ पासून नवी जागतिक संकटसूचना व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि यंत्रेच सत्तराव्या वाहिनीवर एकमेकांना घंटा देऊ लागली, तरी सोळाव्या वाहिनीवरील मानवी कानाची गरज संपलेली नाही. लहान नौकांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

न ऐकले जाणे म्हणजे काय, हे कोकणाला कोणी शिकवण्याची गरज नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे संकटाची हाक गेलीच नाही आणि पोहून किनारा गाठलेल्या माणसांच्या तोंडून ती बातमी मुंबईला कळली. शिक्षक हे उदाहरण देतो तेव्हा तांडेल स्वतःहून त्यात भर घालतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ नौका, ९५२ मच्छीमारांसह, देवगडच्या आश्रयाला आल्या, आणि त्यांच्या घरच्यांना आपली माणसे जिवंत आहेत हे कळायला वेळ लागला. "त्या माणसांना आमची भाषा येत नव्हती," तांडेल म्हणतो, "पण वायरलेसवरचा घाबरलेला आवाज कोणत्या भाषेत आहे हे विचारावे लागत नाही. सोळा नंबर तुम्ही ऐका, मास्तर, रात्रभर ऐका. त्याला ना नाही. वाद आहे तो बाकीच्या नंबरांचा."

आणि मग तांडेल जो मुद्दा काढतो तो या साऱ्या चर्चेतील सर्वांत वजनदार मुद्दा आहे. वादळात ऐकणे आणि वादळात बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात कोकणातल्या कितीतरी नौका परतल्या नाहीत. मे २०२१ च्या तौक्ते वादळात देवगडच्या आनंदवाडी बंदरात आश्रयाला असलेल्या नौका बुडून खलाशी दगावले. अशा दिवशी वायरलेसवर अर्धे वाक्य येते, नौकेचे नाव अर्धवट ऐकू येते, आणि एका नावाच्या तीन नौका वेगवेगळ्या बंदरांत असू शकतात. किनाऱ्यावरच्या कोणा हौशी माणसाने ते ऐकून दोन ओळी मोबाइलवर टाकल्या, की पंधरा मिनिटांत मालवणातील दांडीच्या वस्तीत एखाद्या घरी रडारड सुरू होते, आणि संध्याकाळी तीच नौका सुखरूप परत आली तरी त्या घरातल्या बाईने काढलेला तो दिवस कोणी परत घेऊ शकत नाही. "ऐकले म्हणून बोलायलाच हवे, असे ज्याला वाटते त्याने ऐकू नये," असे तांडेल म्हणतो.

शिक्षकाकडे या मुद्द्याला प्रत्युत्तर नाही. त्याच्याकडे एक रीत आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतील सतराव्या कलमाने राष्ट्रांना दोन गोष्टींचा प्रतिबंध करण्यास सांगितले आहे: सर्वांसाठी नसलेला संदेश परवानगीविना टिपणे, आणि तो उघड करणे, त्याचा मजकूरच नव्हे तर तो आला होता एवढेही सांगणे. हौशी श्रोत्यांची जुनी शिस्त याच दुसऱ्या अंगावर उभी आहे. वहीत वेळ, वारंवारता, संकेताची ताकद आणि हवामान लिहायचे. कोण कोणाला काय म्हणाले ते लिहायचे नाही. संकटाची हाक ऐकू आली, तर बाजारात नव्हे, तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ वर सांगायची, आणि काय ऐकले व काय ऐकले नाही हे दोन्ही सांगायचे. ही शिस्त मोडली की काय होते हे ब्रिटनमध्ये दिसले होते: १९८९ च्या अखेरचे युवराज्ञी डायना यांचे खासगी दूरध्वनी-संभाषण हौशी संचावर ध्वनिमुद्रित झाले आणि १९९२ मध्ये ते वृत्तपत्रात छापून आले, त्यातील ऐकणे अपघाताने झाले असे एक वेळ मानता येईल, पण ध्वनिफीत वृत्तपत्रापर्यंत जाणे हा अपघात नव्हता. शिक्षक हे उदाहरण आपल्या बाजूचे म्हणून देत नाही, तर आपल्या छंदावरील डाग म्हणून देतो. थव्याच्या खबरीबाबत तो तांडेलाचे म्हणणे मान्य करतो आणि मासेमारी नौकांनी कामाच्या बोलण्यासाठी धरलेल्या वाहिन्या आपल्या स्कॅनरच्या यादीतून वगळण्याचे कबूल करतो. स्कॅनरमध्ये ती सोयही आहे, नको असलेली वाहिनी ओलांडून जाण्याची.

तांडेलही एक गोष्ट कबूल करतो, जी त्याने आधी सांगितली नव्हती. नौकांवर सारेच एकमेकांचे ऐकतात. शेजारच्या बंदराची नौका कोठे जाळे टाकते हे कानावर यावे म्हणून रात्री संच वेगवेगळ्या नंबरांवर फिरवला जातो, आणि म्हणूनच मुरलेले तांडेल थव्याची जागा सरळ सांगत नाहीत, घरच्या शब्दांत, आडवळणाने सांगतात. गच्चीवरच्या श्रोत्याविषयीचा त्याचा राग अशा प्रकारे काहीसा बदलतो. आक्षेप आता ऐकण्याला नसून धोका न पत्करता ऐकण्याला आहे. शिक्षक यावर बोलत नाही. लेखकाला तांडेलाचे हे म्हणणे तर्काने पूर्ण पटत नाही, पण त्यात एक न्यायबुद्धी आहे, आणि मोठ्या जहाजांनी स्वतःचे नाव, जागा, दिशा आणि वेग दर काही सेकंदांनी जाहीर करण्याची एआयएस नावाची जी व्यवस्था आहे तिच्यामागेही तीच बुद्धी आहे: १६२ मेगाहर्ट्झच्या जवळ चालणाऱ्या या यंत्रात जो इतरांना पाहतो तो स्वतःही दिसतो.

चर्चा शेवटी हवेवर येते, कारण तो विषय दोघांचाही आहे. फाल्गुन-चैत्रात जमिनीवरची तापलेली कोरडी हवा मतलई वाऱ्याबरोबर समुद्रावर जाते आणि पाण्यालगतच्या थंड, दमट थरावर झाकणासारखी पसरते. या दोन थरांच्या सीमेवर रेडिओलहरी वाकतात, वर निसटून जाण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागाला धरून पुढे पुढे जात राहतात, जणू कोणी समुद्रावर आडवी नळी टाकली आहे. शास्त्रात याला वातावरणीय नलिका म्हणतात. अरबी समुद्र यासाठी जगात प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावरील २०० मेगाहर्ट्झच्या रडारला उन्हाळ्याच्या दिवसांत अरबस्तानच्या किनाऱ्याचे, हजार ते दीड हजार मैल दूरचे, प्रतिध्वनी दिसत असत. एरवी २९ किलोमीटरचे गणित सांगणारी अँटेना त्या रात्रींत ओमानकडच्या आवाजांचीही आशा धरू शकते. जूनमध्ये मोसमी वारे आले की सारे थर ढवळले जातात आणि नळी मोडते. त्याच सुमारास, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते, तेव्हा सोळावी वाहिनी दोन्ही अर्थांनी शांत होते.

तांडेलाला हे नवे नाही. फक्त त्याचे कारण त्याला ठाऊक नव्हते. उन्हाळ्यातल्या काही पहाटे, वारा पडलेला आणि पाणी तेलासारखे असताना, संचावर अनोळखी बंदरांची नावे आणि अरबीतले पुकारे येतात, आणि जुनी माणसे अशा वेळी संच बंद करण्यास सांगत, असे तो सांगतो. शिक्षक वही उघडून मार्चमधील अशाच नोंदी दाखवतो, वेळा जुळवतो, त्या दिवशी वारा कोणत्या बाजूचा होता ते विचारून समासात लिहून घेतो. मग तांडेल विचारतो की ही नळी एकाच बाजूने वाहते की दोन्ही बाजूंनी. दोन्ही बाजूंनी, असे शिक्षक सांगतो. तिकडचा आवाज इकडे येत असेल तर इकडचाही तिकडे जातो. यावर तांडेल बराच वेळ काही बोलत नाही, आणि नंतर हिशेब करू लागतो की गेल्या चैत्रात त्या पहाटे निवतीच्या दिव्यासमोर जाळे ओढताना तो सोळा नंबरवर नेमके काय बोलला होता आणि मस्कतच्या किनाऱ्यावर ते कोणाच्या कानावर पडले असेल.